तेलाच्या बोअरमध्ये गेले अकरा लाख

माझा धंदा बोअरचा. गाडी माझी नाही. गाड्या तामिळनाडूच्या, तिरुचेंगोडकडच्या. मी लातूर-औसा-निलंगा पट्ट्यातला एजंट. शेतकऱ्याकडून काम घ्यायचं, पाणाड्याने दिलेल्या पॉइंटवर गाडी उभी करायची आणि फुटावर हिशोब करायचा, बावीस वर्षं हेच चाललंय. मुरूम कुठं संपला, काळा पाषाण कुठं लागला, गेरू आला तर केसिंग कुठवर सोडायचं, हे मला उडणाऱ्या धुरळ्याच्या रंगावरून कळतं. ज्यांनी मला ११ लाख २० हजारांना गंडवलं, त्यांनी गळ लावला तो नेमका ह्या शहाणपणाला.

चार महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. शेवटी मेहुणाच म्हणाला, "दाजी, लिहा तुम्ही. आपले गेले ते गेले, अजून चार जण त्याच खड्ड्यात चाललेत." त्याचेही दोन लाख ह्यात आहेत, म्हणून त्याचं ऐकावं लागलं.

फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि मोंढ्यात भाव चार हजारांच्या आसपास. माझी पोती घरातच पडून होती. भाव कळावा म्हणून जो ग्रुप लावला होता, त्यात कुणीतरी एक लिंक टाकली: शेअर बाजार, कच्चं तेल, टेक्नॉलॉजीच्या रोजच्या बातम्या, मराठीतून, फुकट. फुकट म्हटल्यावर गेलो आत. १४० माणसं होती. वर एक 'सर', कोट-टायचा फोटो. खाली एक 'मॅडम', ज्या दर दोन दिवसांनी विचारायच्या, "काका, जेवण झालं का?"

पहिले पंधरा दिवस पैशाचं नाव नाही. फक्त बातम्या. डीपसीक नावाचं चिनी एआय आलं आणि २७ जानेवारीला एनव्हिडिया ह्या चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला, तो का पडला हे सरांनी समजावलं. २० एप्रिल २०२० ला कच्च्या तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला होता आणि आपल्या एमसीएक्स ह्या वायदे बाजारावर सौदा उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला होता, हे सांगितलं. मी मुलाला विचारलं, त्याने मोबाईलवर शोधलं. खरं निघालं.

मग आला माझा विषय. सरांनी लिहिलं, जगातलं पहिलं गाजलेलं तेलाचं बोअर १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात झालं आणि तेल लागलं ६९ फुटांवर. मी वाचून हसलो. आमच्याकडं ६९ फुटाला माणूस घाबरतसुद्धा नाही, सहाशेला कोरडं गेलं की मग कपाळाला हात लावतो. पुढं लिहिलं होतं की आता तिकडं बोअर खाली जाऊन आडवं वळतं आणि दोन-दोन मैल आडवंच जातं. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. आमच्या गाडीवरच्या ऑपरेटरला, अण्णाला, दाखवलं. त्याला मराठी वाचता येत नाही, पण चित्र बघून तोही मान हलवत राहिला.

अमेरिकेत तेल-गॅसच्या बोअरच्या किती गाड्या चालू आहेत, ते बेकर ह्यूज नावाची कंपनी दर आठवड्याला मोजते. त्याला 'रिग काउंट' म्हणतात. हा आकडा शुक्रवारी तिकडं दुपारी बारा वाजता येतो. आपल्याकडं तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. गाड्या वाढल्या की पुढं तेल वाढणार, भाव उतरणार. गाड्या कमी झाल्या की उलटं. हे मला लगेच पटलं, कारण आमच्याकडंही फेब्रुवारीत रस्त्याने किती बोअरच्या गाड्या पळतात त्यावरून मी सांगतो की यंदा विहिरी कधी तळ गाठणार. बुधवारी रात्री आठला अमेरिकेतल्या तेलसाठ्याचा सरकारी आकडा येतो, तोही ग्रुपवर यायचा. त्यावर सरांचं म्हणणं असं, की आमचं एआय उपग्रहाच्या फोटोवरून तेलाच्या टाक्यांची सावली मोजतं आणि साठा आधीच सांगतं. हा प्रकारही जगात खरोखर चालतो. टाकीचं झाकण तेलावर तरंगतं, तेल कमी झालं की ते खाली जातं आणि आतली सावली लांबते. मुलाने हेही शोधून दिलं.

मी फसलो ते इथं. प्रत्येक बातमी तपासली, प्रत्येक बातमी खरी निघाली, आणि मी समजलो की माणसंही खरी आहेत. ती बातमी तर जगात कुणालाही फुकट मिळत होती. तपासायला पाहिजे होतं ते त्यांचं तेलाचे सौदे करायचं ॲप, ज्या खात्यात पैसे जात होते ते खातं, आणि सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी नंबर. ह्यातलं एकही मी बघितलं नाही.

ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं. मॅडमनी लिंक दिली. इन्स्टॉल करताना फोनने लाल अक्षरात धोक्याची सूचना दाखवली, मी 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. दहा हजार टाकले. आठव्या दिवशी १२,४०० झाले, विड्रॉल मारला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या बँकेत जमा. ह्या १२,४०० वर पुन्हा येतो.

मार्च-एप्रिल हा आमचा सुगीचा काळ. रात्रंदिवस गाडी चालते, हातात रोकड खेळते. आधी ५० हजार टाकले, मग दीड लाख, मग तीन लाख. तीन लाखांत अण्णाच्या डिझेलचे पैसेही होते. मेहुण्याने घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले दोन लाख मी हौसेने मागून घेतले, "जूनपर्यंत दुप्पट करून देतो" म्हणून. दर वेळी पैसे पाठवायला वेगळं खातं. एकदा कुठलेसे ट्रेडर्स, एकदा एंटरप्रायझेस, एकदा चक्क एका बाईच्या नावाचं खातं. विचारलं तर मॅडम म्हणाल्या, लिमिट संपलं की खातं बदलतं. बोअरच्या धंद्यात मी स्वतः कुणाला दुसऱ्याच्या नावावर पैसे मागितले तर शेतकरी मला गावातून हाकलेल. पण मोबाईलवर असलं काही सुचत नाही.

रात्री साडेदहाला शुक्रवारच्या आकड्यासाठी जागा असायचो. बायको म्हणायची, "रातच्याला काय बघलालाव त्या मोबाईलात? पाणी लागलं का नाही अजून?" मी म्हणायचो, लागतंय, लागतंय.

पुरावे कमी नव्हते, समोरच पडले होते. १८ एप्रिलला गुड फ्रायडे होता. त्या दिवशी एमसीएक्स दिवसभर बंद, तिकडं अमेरिकेतला तेलाचा वायदाही बंद. माझ्या ॲपवर मात्र त्या दिवशी भाव चालू होता आणि मला ६१ हजारांचा नफा झाला. मोंढा बंद असताना पोती विकली गेली, असं कुणी सांगितलं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ग्रुपवर एक जण रोज सकाळी लिहायचा, "मी औसा येथून आहे आणि मी खूप आनंदी आहे." औशाचा माणूस असं बोलतो का कधी? तो म्हणेल, "मी औशाचा." मला ते वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं, पण मी गिळून टाकायचो.

आणि एक तर हद्दच. मे महिन्यात सरांनी एक आयपीओ, म्हणजे नव्या कंपनीची शेअरविक्री, आणला. गोदावरी खोऱ्यात तेल सापडलंय, पैठणपासून नांदेडपर्यंत ड्रिलिंग सुरू होणार, आधीच शेअर घ्या. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं तेल खरं आहे. ओएनजीसी ह्या सरकारी तेल कंपनीने तिथल्या खोल समुद्रातून जानेवारी २०२४ मध्ये तेल काढायला सुरुवात केली. पण ते आंध्रच्या किनाऱ्यापुढं, नदी समुद्राला मिळते तिकडं. आमच्या पायाखाली काय आहे ते मला ठाऊक आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटरचं बोअर घेतलं होतं. ३३८ मीटरला काळा पाषाण संपला, मग जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि खाली जुना कठीण खडक. तेल कुठून येणार? तो आयपीओ मी घेतला नाही. मॅडमना तसं लिहूनही कळवलं. आणि एवढं कळूनही ग्रुप सोडला नाही, कारण ॲपवर तेव्हा २२ लाख दिसत होते. ह्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

१३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला. त्या एका दिवसात कच्चं तेल सात टक्क्यांच्या आसपास चढलं. ॲपवर माझे ३५ लाख झाले. सात लाख माझे आणि मेहुण्याचे, २८ लाख नफा. बाहेर मृगाचा पाऊस पडत होता, पेरणीला पैसे पाहिजे होते, गाड्या थांबलेल्या. म्हटलं बास, काढून घेऊ. विड्रॉल मारला. उत्तर आलं: नफ्यावर १५ टक्के टॅक्स, ४ लाख २० हजार, आधी भरा. मी म्हटलं, ३५ लाखांतून कापून घ्या की. तर म्हणे सेबीचा नियम आहे, कापता येत नाही.

असा कुठलाही नियम नाही. नफ्यावरचा आयकर आपण आपल्या पॅनवर, रिटर्न भरताना, सरकारला भरतो. ब्रोकर तो आधी मागत नाही. व्यवहारावरचे जे छोटे कर असतात ते हिशोबाच्या पावतीतच कापलेले असतात. आपलेच पैसे सोडवायला कुणी पैसे मागितले, की तिथंच फोन ठेवायचा. मी १६ जूनला सोयाबीन पडत्या भावात विकलं, एका खासगी सावकाराकडून वरचे घेतले आणि ४ लाख २० हजार भरले.

२३ जूनच्या रात्री टीव्हीवर बातमी आली की तेल कोसळलं, एका दिवसात सात टक्क्यांच्या आसपास. माझा सौदा तेजीचा होता, म्हणजे भाव चढला तरच फायदा. मी ॲप उघडलं. नफा आणखी ९० हजारांनी वाढलेला. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. बोअर कोरडं गेलं की गाडी बंद झाल्यावर जी शांतता होते ना, कंप्रेसरचा आवाज थांबल्यावरची, तशी कानात बसली. तेवढ्यात मॅडमचा मेसेज: "काका, सुरक्षा ठेव ३ लाख भरली की उद्या सगळी रक्कम मिळेल."

सकाळी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. बोलणारा मुलगा चांगला होता. त्याने पहिलं विचारलं, शेवटचे पैसे कधी पाठवले? आठ दिवस झाले म्हटल्यावर तो क्षणभर गप्प झाला. पैसे गेल्यावर पहिल्या तास-दोन तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात, नंतर ते दहा खात्यांत फुटून बाहेर पडतात. माझे एका खात्यात ४३ हजार तेवढे सापडले, ते अजून कोर्टाच्या आदेशाची वाट बघतायत. तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी वेबसाइटवरही नोंदवली, स्क्रीनशॉट, खात्यांचे नंबर, यूटीआर नंबर (बँकेच्या प्रत्येक व्यवहाराचा नंबर) सगळं जोडून. ग्रुप डिलीट करायच्या आधी हे काढून ठेवा. मी रागाने अर्धं पुसून टाकलं होतं, ते मुलाने बॅकअपमधून काढलं.

ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत ब्रोकरांसाठी वेगळे यूपीआय आयडी आणलेत, त्यात '@valid' असतं आणि पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याचं चिन्ह दिसतं. सेबीच्या 'सेबी चेक' ह्या सोयीवर खातं तपासताही येतं. माझ्या वेळी हे नव्हतं. असतं तरी मी बघितलं असतं का, कुणास ठाऊक.

आणि ते रिग काउंटचं. नंतर शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत तेलाच्या १,६०९ गाड्या होत्या, २०२५ च्या जूनमध्ये साडेचारशेच्याही आत, आणि तरी तेल निघतंय रोज १ कोटी ३० लाख बॅरलच्या वर, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. गाड्या कमी, पण एकेक गाडी लांब आडवी जाते. म्हणजे नुसत्या त्या आकड्यावर भाव सांगणारा 'सर' खरा असता तरी त्याच्या मागं जाण्यात अर्थ नव्हता. आमच्या अण्णाची जुनी गाडी रात्रभरात तीनशे फूट जायची, नवी त्याच वेळात दुप्पट जाते. हे मला माहीत असायला पाहिजे होतं.

आता ते १२,४००. ऑगस्टमध्ये एटीएममधून पैसे निघेनात म्हणून बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. दुसऱ्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून माझ्या खात्यावर १२,४०० चा होल्ड. मला जो पहिला 'नफा' मिळाला, तो तिकडच्या कुणाच्या तरी खात्यातून लुबाडलेला पैसा होता. त्या माणसाच्या तक्रारीत माझंही खातं आहे. नाव मला कळलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही.

घरी येऊन मुलाने काढलेल्या बॅकअपमध्ये मी त्या दिवसाचं बोलणं शोधलं. १२,४०० जमा झाल्याचा स्क्रीनशॉट मीच ग्रुपवर टाकला होता, "धन्यवाद सर, लातूर" असं लिहून. त्याखाली एका नव्या माणसाने विचारलं होतं, "खरंच मिळतात का हो पैसे?"

मी उत्तर दिलं होतं, "हो दादा, आजच आले खात्यावर."