कॉट्सवोल्ड्स की यॉर्कशायर डेल्स?

दोन्ही इंग्लंडमधले ग्रामीण, टेकड्यांचे भाग, डेल्स उत्तरेला. लंडनहून एकच दिवस काढता येणार असेल आणि सोबत आईबाबा असतील तर फार विचार करू नका, सरळ कॉट्सवोल्ड्स. पॅडिंग्टनहून ट्रेन दीडेक तासात मोरटन-इन-मार्शला सोडते, तिथून बसने बोर्टन-ऑन-द-वॉटर, आणि बोर्टन ते लोअर स्लॉटर ही वाट दोनेक किलोमीटरच, तीही सपाट, गुडघेदुखीवाल्यांनाही झेपते. घरं मधाच्या रंगाच्या चुनखडीची. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग आधी लोकरीचं गोदाम होती, १३८० ची, पुढे १७व्या शतकात तिथे विणकर राहायला आले. दिसायला सुंदरच आहे, वाद नाही, पण फोटोत दिसते ती शांतता हवी तर सकाळी लवकर पोचा, दुपारी नुसत्या सेल्फीस्टिक्स.

पण पाय दुखेपर्यंत चालायचंय, सह्याद्रीत भटकायची सवय आहे, तर डेल्स! इथला दगड करडा, गावंही करडी, पहिल्या नजरेत जरा रुक्षच वाटतात. मग ते गडगे दिसायला लागतात, आपल्या कोकणात रचतात तसेच नुसते दगडावर दगड, चुना नाही सिमेंट नाही, आणि ते गावापुरते नाहीत तर डोंगराच्या पार वरपर्यंत चढत गेलेले. मॅलहॅम गावातून निघालात की आधी जॅनेट्स फॉसचा छोटा धबधबा, मग गोर्डेल स्कारची घळ, आणि शेवटी मॅलहॅम कोव्ह, म्हणजे जवळपास ८० मीटरचा सरळसोट कडा, ज्याच्या माथ्यावर चुनखडीची फरसबंदी आहे, कुणी केलेली नाही, बर्फाने आणि पाण्याने झालेली. भेगांमध्ये चक्क फर्न उगवतात. पाऊस पडून गेला असेल तर तिथे जपून, आपल्या बसाल्टवर बूट धरतो तसा तिथे धरत नाही, मी सपशेल आपटलोय.

अडचण पोचायची. किंग्ज क्रॉसहून लीड्स, मग स्किप्टन, मग बस, आणि बसगाड्या मोजक्याच, म्हणून एक रात्र तरी राहाच, आणि परतीची शेवटची बस कितीला हे उतरल्या उतरल्या बघून ठेवा.

वाटा दोन्हीकडे शेतातूनच जातात, पिवळा बाण म्हणजे पायवाट, बिनधास्त जा, फक्त फाटक उघडलंत तर लावून घ्या. जूनमध्ये जाणार असाल तर मॅलहॅमसोबत डेल्समधलंच म्युकर गावही बघा, तिथली गवताची कुरणं तेव्हा फुलांनी भरलेली असतात, एकामागे एक चालायचं, गवत तुडवायचं नाही, ते गुरांच्या हिवाळ्याचं खाणं आहे.