बंद करा, रद्द करा: नव्या पॉवर मेनूसोबत आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी माझ्या लॅपटॉपवर प्रणालीचं मोठं अपडेट आलं आणि त्यात संगणक बंद करायचा मेनू बदलला. वॉलपेपर, आयकॉन, घंटीचे आवाज असलं सगळं दोन दिवसांत अंगवळणी पडतं. हा मेनू काही पडला नाही. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर जातात, आणि हा मेनू रोज किमान तीनदा उघडते: जेवायला उठताना, बाहेर पडताना, रात्री झोपताना. म्हणजे आतापर्यंत सातशे वेळा तरी झालंच. एवढा वापर झाल्यावर दोन शब्द लिहायला हरकत नसावी. प्रणालीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी थोड्याफार फरकाने सगळीकडे तशाच आहेत.

आधी मेनू कसा आहे ते सांगते. कोपऱ्यातलं चिन्ह दाबलं की एक पट्टी उघडते. पट्टीत ओळीने चार गोल चिन्हं: कुलूप, चंद्रकोर, गोल फिरणारा बाण, आणि वरून तुटलेल्या वर्तुळात उभी रेघ. म्हणजे ओळीने कुलूप लावा, झोपवा, पुन्हा सुरू करा, बंद करा. नावं खाली लिहिलेली नाहीत, माउस वर धरून क्षणभर थांबलात तर दिसतात. जुन्या मेनूत चिन्हं नव्हती, एकाखाली एक चार शब्द होते. दिसायला तो अगदीच कारकुनी होता, पण त्यात मी कधी चुकले नाही.

शेवटचं चिन्ह दाबलं की मधोमध एक चौकट येते आणि ६० सेकंदांची उलटी गणती सुरू होते. मॅकवर आणि लिनक्सच्या नोम डेस्कटॉपवरही अशीच साठ सेकंदांची चौकट येते, तेव्हा त्यात नवं काही नाही. नवं आहे ते तिच्यातलं एक वाक्य, आणि या सगळ्या बदलात मला मनापासून आवडलेली गोष्ट तीच. पूर्वी काही साठवायचं राहिलं असेल तर ‘एक अ‍ॅप बंद होण्यास अडथळा आणत आहे’ एवढंच कळायचं. कुठलं अ‍ॅप, कुठली फाइल, शोधत बसा. आता लिहून येतं: ‘प्रकरण ७, तिसरं मुद्रित: शेवटचे बदल साठवलेले नाहीत.’ त्याच ओळीत ‘साठवा’ असं बटण. या एका ओळीने आठ महिन्यांत माझं काम निदान चारदा वाचवलं असेल.

आता तक्रारी. कुलूप आणि चंद्रकोर बोलकी आहेत, त्यांच्यात घोटाळा होत नाही. घोटाळा शेवटच्या दोघांत. फिरणारा बाण गोल, तुटकं वर्तुळही गोल. दोन्ही राखाडी, दोन्ही एकाच आकाराची, मध्ये काडीच्या जाडीएवढी फट.

या तुटक्या वर्तुळाची एक गंमत आहे. आयईसी या विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६०४१७ या मानकात ते मुळात ‘स्टँडबाय’चं, म्हणजे पूर्ण बंद न होता तयारीत थांबण्याचं चिन्ह. पूर्ण चालू-बंदसाठी अखंड वर्तुळात उभी रेघ असं वेगळं चिन्ह आहे. पुढे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २००४च्या १६२१ या मानकाने तुटक्या वर्तुळाला सरसकट ‘पॉवर’चा अर्थ दिला आणि झोपेसाठी चंद्रकोर नेमली. विंडोजच्या व्हिस्टा या जुन्या आवृत्तीच्या स्टार्ट मेनूत हेच तुटकं वर्तुळ दाबलं की संगणक बंद न होता झोपायचा, ते जुन्या मानकाच्या हिशेबाने बरोबरच म्हणायचं. दाबणाऱ्याला बिचाऱ्याला मानक पाठ नव्हतं, इतकंच.

व्हिस्टाचा तो मेनू तसाही गाजला. दोन चिन्हं आणि बाणाखाली सात पर्याय. नोव्हेंबर २००६ मध्ये सॉफ्टवेअरवर ब्लॉग लिहिणाऱ्या जोएल स्पॉल्स्की यांनी की-बोर्डवरच्या कळा, पॉवरचं बटण आणि लॅपटॉपचं झाकण हेही धरून संगणक बंद करायचे एकूण पंधरा मार्ग मोजून दाखवले. त्यावर त्या मेनूचं काम पूर्वी केलेल्या एका अभियंत्याने उत्तर लिहिलं, आणि या एका मेनूवर मत देण्याचा अधिकार असलेली माणसं किती याचा अंदाज केला: ४३! २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा त्या जागी सरळ ‘शट डाउन’ असे शब्द असलेलं बटण आलं आणि बाकीचे पर्याय शेजारच्या बाणाखाली गेले. माझ्या मते शब्दच लागतात हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. तरी दर काही वर्षांनी कुणाला तरी चिन्हांचा मोह होतोच.

दुसऱ्या टोकाचा मोह म्हणजे पर्यायच लपवणं. २०११ मध्ये नोम ३ ने मेनूत फक्त ‘सस्पेंड’, म्हणजे झोपवणं, ठेवलं होतं. ऑल्ट कळ दाबून धरली तरच त्याचं ‘पॉवर ऑफ’ व्हायचं. ज्याला कुणी सांगितलं नाही त्याने संगणक बंद कसा करायचा? पुढच्या वर्षी, ३.६ मध्ये, ते पुन्हा उघड्यावर आणावं लागलं. त्या मानाने माझा मेनू प्रामाणिक आहे. चारही पर्याय समोर आहेत, एवढे गुण देते.

काडीएवढ्या फटीची किंमत मला चौथ्या महिन्यात कळली. ज्या प्रकाशकाचं काम करते त्यांच्या कार्यालयातल्या संगणकाला मी रात्री घरून जोडून घेते, कारण पानांची मांडणी आणि फाँट तिथे असतात. तिथेही हीच प्रणाली. एक नवा फाँट टाकला, तो दिसेना, म्हणून संगणक पुन्हा सुरू करायला गेले आणि बाणाऐवजी शेजारचं वर्तुळ दाबलं गेलं. चौकट आली. दोन्ही वेळी येणारी चौकट सारखीच दिसते, फक्त वरचे दोन शब्द वेगळे असतात. शेकडो वेळा दाबलेल्या बोटाने एंटर दाबला. स्क्रीन काळी. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, कार्यालयाला कुलूप, आणि दूरच्या संगणकाचं बटण दाबायला हात कुणाचा? दुसऱ्या दिवशी दहा वाजता कुणीतरी येऊन तो चालू केला. तोवर मी नुसती बसून.

‘खात्री आहे का?’ असं विचारणाऱ्या चौकटीवर माझा फार विश्वास उरलेला नाही, तो या प्रसंगानंतर. रोज ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’च असतं, तो प्रश्न डोळे वाचतच नाहीत. शेकडोदा आलेली चौकट म्हणजे बटणाचाच दुसरा अर्धा भाग. त्यापेक्षा ती दोन चिन्हं लांब लांब ठेवली असती तर चूक झालीच नसती. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम आरेखन करणाऱ्या सगळ्यांना शिकवतात: लक्ष्य जितकं जवळ आणि मोठं तितकं पटकन गाठता येतं. तो नियम नको त्या बटणालाही लागू पडतो, हे शिकवताना राहून जातं की काय कोण जाणे. आणि दूरवरून जोडलेल्या संगणकावर तर ‘हा बंद केलात तर इथून पुन्हा चालू करता येणार नाही’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. आपण दुरून जोडलेलो आहोत हे प्रणालीला ठाऊक असतं, मग बोलायला काय झालं?

पाचव्या महिन्यात वेगळंच कळलं. प्रिंटर विचित्र वागत होता म्हणून प्रणालीच्या माहितीत शिरले, तर संगणक सलग अकरा दिवस चालू असल्याचं दिसलं. मी तर रोज रात्री बंद करत होते! कारण असं की ‘बंद करा’ म्हटल्यावर माझी कामं मिटतात, पण प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तसेच उचलले जातात. त्यामुळे सुरुवात झटपट होते. विंडोजमध्येही २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ या नावाने अशी सोय आहे. परिणाम मजेशीर: ‘पुन्हा सुरू करा’मध्ये सगळं धुऊनपुसून निघतं, ‘बंद करा’मध्ये निघत नाही. प्रिंटर एकदा पुन्हा सुरू करण्याने ताळ्यावर आला. सोय वाईट नाही, मी ती चालूच ठेवली आहे. पण बटणावर ‘बंद’ लिहायचं आणि अर्धवट बंद करायचं, तर निदान माउस धरल्यावर दिसणाऱ्या त्या चिठ्ठीत तसं लिहावं.

चंद्रकोरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दाबली की झोपतो, झाकण उघडलं की उठतो. मेमरीला वीज लागत राहते म्हणून बॅटरी थोडी उतरते, ती चालायचीच.

खरी मौज आईने केली. ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर हिशेब लिहिते, तिथेही हेच अपडेट आहे. एका दुपारी तिच्याकडून चुकून पट्टी उघडली, वर्तुळ दाबलं गेलं आणि चौकट आली. चौकटीत दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘बंद करा’. दोन मिनिटांनी तिने मला हाक मारली, संगणक बंद पडलेला.

“आई, बंद का केलास?”

“मी कुठे केला? ती चौकट मध्ये आली होती, ती बंद केली. तिच्यावरच लिहिलं होतं की.”

“अगं, मग ‘रद्द करा’ दाबायचं.”

“रद्द काय करायचं? मी काही ठरवलंच नव्हतं.”

मला उत्तर सुचलं नाही, कारण चूक तिची नव्हतीच. या प्रणालीत मदतीची खिडकी असो की सूचनेची चिठ्ठी, प्रत्येकीवर ‘बंद करा’ असतं आणि ते दाबलं की ती खिडकी जाते. फक्त याच चौकटीत त्याच दोन शब्दांनी अख्खा संगणक जातो. इंग्रजीत खिडकीसाठी ‘क्लोज’, संगणकासाठी ‘शट डाउन’, दिव्यासाठी ‘टर्न ऑफ’ असे तीन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे दार, नळ, दिवा, दुकान, बोलणं सगळंच ‘बंद’ होतं. बोलताना अडत नाही, कारण काय बंद करायचं ते समोर असतं. पण भाषांतर करणाऱ्याला बहुधा शब्दांची नुसती यादी मिळते, स्क्रीन दिसत नाही. तो तिन्ही ठिकाणी ‘बंद करा’ लिहितो आणि यादी तपासली तर तिन्ही बरोबर असतात. मुद्रितं तपासून तपासून माझा स्वभावच तसा झाला आहे, मला राहवलं नाही. सूचनांच्या खिडकीतून लिहून पाठवलं: इथे कर्म लिहा, ‘संगणक बंद करा’, आणि दुसऱ्या बटणावर ‘रद्द करा’ऐवजी ‘चालू राहू द्या’.

दरम्यान मी स्वतःपुरती डागडुजी केली. सेटिंगमध्ये ‘चिन्हांखाली नावं दाखवा’ असा पर्याय निघाला, सुलभतेच्या विभागात, तिसऱ्या पानावर. तो सगळ्यांसाठी आधीपासून चालू का नाही ते विचारू नका. चिन्हांचा क्रमही बदलता येतो, म्हणून बाण पहिला आणि वर्तुळ शेवटी अशी फारकत करून टाकली. दूरच्या संगणकावर तर वर्तुळ काढूनच टाकलं. आणि आईला शिकवून ठेवलं की काही कळेनासं झालं तर एस्केप दाब, पॉवरचं बटण दाबून धरू नकोस. ते चारेक सेकंद धरलं की संगणक काही न विचारता, काही न साठवता वीजच तोडतो, तिथे कुठलीच चौकट येत नाही.

मागच्या महिन्यात छोटं अपडेट आलं. कुणीतरी सूचना वाचली म्हणायची, कारण चौकटीतला मजकूर बदलला आहे. डावीकडे आता ‘चालू राहू द्या’ आहे, ते नीट बसलंय. उजवीकडच्या बटणाची रुंदी मात्र जुनीच राहिली असावी. त्यावर लिहिलं आहे: ‘संगणक बं…’