ओपनसीसपाय: जिनिंगच्या शेडवर वापरून पाहिलं

हिंगणघाटच्या आसपास माझं बरंचसं काम जिनिंगच्या शेडचं. लोखंडी कैच्या, वर पत्रा, खाली कापसाचे ढीग. भूकंपाची आपल्याकडे फार धास्ती नाही, आयएस १८९३:२०१६ या भूकंपाच्या भारतीय मानकानुसार नागपूर झोन २ मध्ये, म्हणजे कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं. खरा त्रास वाऱ्याचा. आयएस ८७५ या भारांच्या मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. उंची, भूभाग वगैरेंचे सगळे गुणक १ धरले तरी चौरस मीटरला १.१६ किलोन्यूटन दाब निघतो. मग ओपनसीसपाय, म्हणजे इमारतींचं गणित करणारं पण भूकंपाच्या संशोधनासाठी केलेलं सॉफ्टवेअर कशाला, असं आमच्या ऑफिसातला पोट्टा विचारतो. रास्त आहे.

मूळ ओपनसीस अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं. फ्रँक मॅकेना यांच्या १९९७ च्या पीएचडीत त्याचा पाया आहे, आणि ते सी++ मध्ये लिहिलंय. ओपनसीसपाय म्हणजे तेच, पायथॉनमधून चालणारं.

मी त्याच्या आतल्या रचनेवर खूश आहे. ट्रसचा, म्हणजे कैचीचा मेंबर (एकेक दांडा) हा प्रोग्राममधला एक ऑब्जेक्ट, म्हणजे सुटा घटक, त्याचं मटेरिअल दुसरा. मेंबर मटेरिअलला एवढंच विचारतो: स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) इतका, तर स्ट्रेस (आतलं बल, क्षेत्रफळामागे) किती, स्टिफनेस (ताठपणा) किती? समोर साधं 'इलॅस्टिक' आहे की पोलाद वाकून कायमचं बदलतं तेही धरणारं 'स्टील०२', याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेडच्या क्रॉस ब्रेसिंगचे (फुलीसारखे तिरके) रॉड ताण घेतात, दाब आला की बाक धरतात. 'इलॅस्टिक'ला दाबासाठी वेगळा ई (ताठपणाचा आकडा) देता येतो, तो जवळपास शून्य ठेवायचा. वारा कुठूनही आला तरी कोणता रॉड ढिला पडला ते प्रोग्राम स्वतः हुडकतो. मेंबरच्या ओळींना हात लावायचं काम नाही.

सोडवणुकीचंही तेच. कन्स्ट्रेंट, नंबरिंग, सॉल्व्हर, अल्गोरिदम, इंटिग्रेटर हे गणित सोडवायचे भाग सगळे सुटे. 'न्यूटन' या पद्धतीनं उत्तर जुळत नसेल तर 'क्रायलॉव्हन्यूटन' ही दुसरी पद्धत लिहा, एक ओळ बदलली की झालं.

आता रड. माऊसनं काही काढता येत नाही. ओपीएसव्हिस नावाचं वेगळं पॅकेज आकृती काढून देतं, पण शेठजींपुढे ठेवावी अशी ती नसते. युनिट विचारत नाही. मीटर आणि मिलिमीटर मिसळलेत तरी निमूट आकडे देतं. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या मानकाची तपासणी नाही, स्लेंडरनेसपासून (मेंबर किती सडपातळ) बोल्टपर्यंत सगळं आपल्यालाच करावं लागतं. आणि निव्वळ ट्रसच्या त्रिमितीय मॉडेलला नोडमागे (मेंबर जुळतात त्या बिंदूमागे) ३ च डीओएफ, म्हणजे हलण्याच्या दिशा द्या. ६ दिले तर फिरण्याला अडवणारं काहीच उरत नाही, मॅट्रिक्स सिंग्युलर होतं, म्हणजे उत्तरच निघत नाही.

'पिप' या पायथॉनच्या आज्ञेनं एकदा उतरवलं की नेट लागत नाही, लायसन्सचं डोंगल नाही. वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम सुरू. संशोधन, शिक्षण आणि अंतर्गत वापराला पैसे पडत नाहीत. त्यावर ॲप बांधून विकायचा विचार असेल तर मात्र वेगळं लायसन्स घ्यावं लागतं.