एजन्सीसाठी घेतलेलं सॉफ्टवेअर: रिन्युअलला एक नंबर, लीडच्या नावाने ठणठणगोपाळ

डायरी आणि एक्सेलवर इन्शुरन्स एजन्सी चालते, नाही असं नाही, पण पॉलिसी वाढल्या की गाडी, हेल्थ, लाइफ सगळ्यांच्या तारखा सांभाळता सांभाळता एखादी ग्रेस पिरियड (हप्ता भरायची जादा मुदत) उलटून लॅप्स होतेच, म्हणजे बंद पडते, आणि मग क्लायंट आपल्यालाच धरतो. म्हणून हे एजन्सी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घेतलं. नाव टाकत नाही, बाकीचे डेमो पण बघितलेत, बरंचसं सारखंच असतं.

डेमोत सेल्सवाला सगळा वेळ लीड (नवीन गिऱ्हाईक होऊ शकतील अशांची नावं), टार्गेट आणि रंगीत ग्राफ दाखवत बसतो. ते शोभेचं आहे. लीड म्हणून जी नावं येतात ती आणखी चार एजंटकडे पण गेलेली असतात, समोरचा फोन उचलतो तोच वैतागून. त्या मॉड्यूलला वेगळे पैसे देऊ नका, सरळ सांगतोय.

पैसे वसूल होतात ते रिन्युअलच्या लिस्टमध्ये. पुढच्या दोन महिन्यांत कुणाचं काय संपतंय, कुणाला फोन झाला, कोण "बघून सांगतो" म्हणाला, सगळं एका जागी. हिशोब करून बघा ना, दरवर्षी 80 टक्के क्लायंट टिकत असतील तर एक क्लायंट सरासरी 5 वर्षं राहतो, 90 टक्के टिकले तर 10 वर्षं, म्हणजे नवीन माणसं दरवर्षी तेवढीच आणली तरी धंदा हळूहळू दुप्पट. हे कुठलाच सेल्सवाला सांगत नाही कारण त्यात ग्राफ वर उडत नाही.

लाइफवाल्यांसाठी 13व्या महिन्याची पर्सिस्टन्सी पण दिसते, म्हणजे विकलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला ते, आणि टीममधल्या प्रत्येकाची वेगळी दिसते. यात गंमत होते, महिन्याला सगळ्यात जास्त पॉलिसी आणणाऱ्याचाच आकडा सगळ्यात खाली असू शकतो, मग इन्सेंटिव्ह नक्की कशावर द्यायचा हे परत ठरवावं लागतं.

एकाच घरातल्या पॉलिसी जोडता येतात, हे पण छान. नवऱ्याची गाडी आपल्याकडे, बायकोची हेल्थ पॉलिसीच नाही, हे लगेच दिसतं, नवीन विक्री खरं तर इथूनच निघते.

आता वैताग. एक्सेलमधून डेटा टाकताना तारीख आणि महिना उलटे वाचले याने. 5 मार्चची पॉलिसी 3 मे ला गेली, 12 च्या पुढच्या तारखांना एरर आला म्हणून निदान लक्षात तरी आलं. सपोर्टवाले "तुमची फाइल चेक करा सर" एवढंच म्हणत राहिले. दुसरं म्हणजे ऑटोमॅटिक मेसेज. डेथ क्लेम चालू असलेल्या घरात वारलेल्या माणसाच्या नंबरवर वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या, क्लेम टाकला की मेसेज आपोआप बंद व्हायला नकोत का? ते हाताने बंद करावे लागतात. मी आता सगळेच बंद ठेवलेत, फोन करतो.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी लेखी विचारा. सोडून जायचं झालं तर नोट्स आणि कागदांसकट सगळा डेटा बाहेर काढता येतो का, आणि क्लायंटचे मेडिकल रिपोर्ट स्टाफपैकी कुणाला दिसतील हे आपल्याला ठरवता येतं का. दुसऱ्याला इथे हो आहे. पहिल्यात पॉलिसींची यादी मिळते, नोट्स मिळत नाहीत, म्हणून 5 पैकी 3.