वाचनालयातील बारकोड स्कॅनर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात संगणक येऊन बरीच वर्षे झाली, तरी पुस्तकाचा दाखल क्रमांक अगदी कालपरवापर्यंत हातानेच टंकला जात होता. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत देवघेवीच्या टेबलापाशी गर्दी झाली, की सहा आकड्यांतला एखादा चुकायचा आणि सभासदाच्या नावावर भलतेच पुस्तक चढायचे. महिनाभराने स्मरणपत्र गेले, की "हे पुस्तक मी कधी नेलेच नाही" असे सांगायला ते सभासद वाचनालयाच्या पायऱ्या चढून येत आणि आमच्याकडे उत्तर नसे. हा त्रास संपावा म्हणून कार्यकारी मंडळाने आठ महिन्यांपूर्वी यूएसबी वायरचा, हातात धरून खटका दाबायचा टू-डी स्कॅनर ३२०० रुपयांना घेतला. देवघेवीचे काम मी पाहत असल्याने तो रोज माझ्या हातात असतो. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण खरेदी करताना नावापेक्षा स्कॅनर कोणत्या जातीचा आहे हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

तुलनेसाठी आमच्याकडे आणखी एक यंत्र होते. एका सभासदांनी आपल्या दुकानातला जुना लेझर स्कॅनर वाचनालयाला भेट दिला होता. लेझर स्कॅनरमध्ये लाल किरणाचा एकच ठिपका हलत्या आरशाच्या साहाय्याने पट्ट्यांवरून इतक्या वेगाने मागेपुढे फिरतो, की आपल्या डोळ्यांना त्याची सलग रेघ दिसते. काळी पट्टी प्रकाश शोषून घेते, पांढरी जागा तो परत पाठवते, आणि परतणाऱ्या प्रकाशातील हा चढउतार आतला सेन्सर टिपून कोणती पट्टी किती रुंद आहे हे ठरवतो. पट्ट्यांच्या रुंदीत क्रमांक साठवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकी संशोधक नॉर्मन वुडलँड यांना ती १९४९ साली मायामीच्या किनाऱ्यावर, तारेसाठी वापरल्या जाणाऱ्या मोर्सच्या टिंबा-रेघांचा विचार करत वाळूत बोटे ओढताना सुचली आणि बर्नार्ड सिल्व्हर यांच्यासह त्यांना १९५२ मध्ये पेटंटही मिळाले. मात्र परवडणारा लेझर आणि संगणक येईपर्यंत तिला थांबावे लागले. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंग गमच्या पुड्यावरचा बारकोड दुकानात प्रथम वाचला गेला, तो दिवस २६ जून १९७४ हा होता.

टू-डी स्कॅनर ठिपका फिरवत नाही. तो मोबाइलच्या कॅमेऱ्याप्रमाणे समोरचे संपूर्ण चित्र घेतो आणि त्या चित्रात बारकोड कोठे आहे ते शोधतो. आमच्या कामात या फरकाचे महत्त्व पहिल्याच आठवड्यात कळले. वाचनालयाचे पुस्तक पन्नास हातांतून जाते, त्यामुळे लेबलाचा एखादा कोपरा झिजतो, मधेच नखाचा ओरखडा उठतो, कधी चहाचा डाग पडतो. लेझरची रेघ नेमकी त्या ओरखड्यावरून गेली, की तो मुका राहतो. नवा स्कॅनर मात्र त्याच पट्ट्या वरच्या किंवा खालच्या शाबूत भागातून वाचून घेतो. एका बालपुस्तकाच्या मलपृष्ठावर पांढऱ्या जागेत लाल पट्ट्या छापल्या होत्या. लाल प्रकाशात लाल शाई आणि पांढरा कागद जवळजवळ सारखेच उजळ दिसतात, म्हणून लेझर स्कॅनरच्या लेखी तेथे कोरा कागद होता. नव्या स्कॅनरचा दिवा पांढरा आहे. त्याने दुसऱ्या प्रयत्नात क्रमांक वाचला. मोबाइलच्या पडद्यावर दाखवलेले ओळखपत्र आणि क्यूआर कोड हेही त्याला वाचता येतात, जे जुन्याला मुळीच जमत नव्हते. केवळ एवढ्यासाठीही, थोडे पैसे वाचवून आज लेझर स्कॅनर घेऊ नये असे मी सांगेन.

पुस्तकाच्या मलपृष्ठावर प्रकाशकाने छापलेला बारकोड सामान्यतः ९७८ ने सुरू होतो आणि त्याखाली तेरा अंक असतात. त्याची रचना मी कुतूहलाने समजून घेतली, आणि ती मला अतिशय सुंदर वाटली. सगळी आकृती ९५ समान उभ्या घरांची असते. दोन्ही कडांना तीन-तीन घरांची आणि मध्ये पाच घरांची खूण असते. उरलेल्या ८४ घरांत बारा अंक बसतात, प्रत्येकाला सात घरे. तेरा अंकांपैकी बारांनाच जागा मिळते, मग तेरावा कोठे गेला? डाव्या बाजूचे सहा अंक दोन वेगवेगळ्या वळणांनी रेखाटता येतात, आणि कोणता अंक कोणत्या वळणाने काढला आहे त्या क्रमातच अगदी पहिला अंक दडवलेला असतो. उजव्या बाजूच्या अंकांची बांधणी डाव्यांपेक्षा निराळी असल्याने पुस्तक उलटे धरले तरी स्कॅनरला दिशा बरोबर कळते.

शेवटचा अंक हा पडताळ्याचा असतो. टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीवर असतो तसा ८९० ने सुरू होणारा क्रमांक घेऊ. (८९० म्हणजे वस्तू भारतात तयार झाली असा अनेकांचा समज आहे, प्रत्यक्षात तो क्रमांक भारतातील नोंदणी संस्थेकडून घेतला आहे, एवढाच त्याचा अर्थ.) समजा, पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ असे आहेत. पहिला, तिसरा, पाचवा अशा एकाआड एक अंकांची बेरीज २८ येते. उरलेल्या सहांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३० होतात. दहाच्या पटीला जेवढे कमी पडते तो पडताळ्याचा अंक; १३० ही दहाचीच पट असल्याने येथे शून्य. कोणताही एक अंक चुकीचा वाचला गेला तर हा हिशोब जुळत नाही आणि स्कॅनर गप्प राहतो. चुकीचा क्रमांक देण्यापेक्षा गप्प राहणे, हा गुण देवघेवीच्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मात्र प्रकाशकाच्या बारकोडवर वाचनालय चालत नाही. एकाच आवृत्तीच्या सर्व प्रतींवर तोच क्रमांक असतो, आणि आमच्याकडे एका लोकप्रिय कादंबरीच्या पाच प्रती असतील तर कोणती प्रत कोणाकडे गेली हे त्यावरून कळणार नाही. शिवाय आमच्या संग्रहातील जुन्या मराठी पुस्तकांवर बारकोडच नाही. म्हणून दाखल क्रमांकाची आपली लेबले छापणे भाग होते. सुरुवातीला आम्ही संगणकावर फाँट बसवून सहज छापता येणारा 'कोड ३९' हा बारकोडचा प्रकार वापरला, पण सहा आकड्यांसाठी तो फार रुंद होतो आणि लहान आकाराच्या पुस्तकावर लेबलाच्या दोन्ही बाजूंना कोरी जागाच उरत नाही. ही कोरी जागा स्कॅनरला पट्ट्यांची सुरुवात आणि शेवट ओळखण्यासाठी लागते. 'कोड १२८' या दुसऱ्या प्रकारात आकडे जोडीने बसतात, त्यामुळे तेच काम जवळपास निम्म्या रुंदीत झाले.

खरे नुकसान लेबलांच्या कागदाने केले. एका पुरवठादाराने साध्या थर्मल कागदाचा रोल दिला, ज्यात शाई नसते आणि उष्णतेने कागदच काळा होतो. खिडकीजवळच्या कपाटांतील लेबले उन्हाळ्यात करड्या रंगाची झाली, आणि जूनमध्ये तीच पुस्तके परत आली तेव्हा मंडळातील सर्वांनी स्कॅनर बिघडला असे ठरवून टाकले. स्कॅनर ठीक होता. पट्ट्याच पुसल्या गेल्या होत्या. शाईची रिबन लावून छापलेली लेबले महाग पडतात, पण टिकतात.

जोडणीबद्दलही सांगायला हवे. संगणकाच्या दृष्टीने हा स्कॅनर म्हणजे दुसरा कीबोर्ड आहे: तो क्रमांक टंकतो आणि एंटर दाबतो, बस्स. म्हणून वेगळी प्रणाली बसवावी लागली नाही. पण एके दिवशी संगणक मराठी टंकण्याच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर राहिला होता, आणि सभासदाच्या कार्डावरील रोमन एम हे अक्षर 'श' होऊन उमटले. प्रणालीला सभासद सापडेना, रांग वाढत गेली, आणि कारण लक्षात यायला दहा मिनिटे गेली. पाटीवर लिहून ठेवले आहे : आधी भाषा इंग्रजी करा, मग स्कॅन करा. त्याचप्रमाणे दाखल क्रमांकाचा रकाना 'मजकूर' या प्रकारचा ठेवावा. 'संख्या' ठेवल्यास ००४५१२ चे ४५१२ होते आणि शोध फसतो.

उणिवा दोन आहेत. वायर टेबलाच्या पलीकडे पोचत नाही, त्यामुळे जाडजूड कोश उचलून आणावे लागतात. दुसरी उणीव माहितीपुस्तिकेची. सर्व बदल पुस्तिकेतील बारकोड स्कॅन करूनच करायचे असतात आणि ते एकमेकांना इतके खेटून छापले आहेत, की आवाज कमी करायला गेलो तर स्कॅनरने शेजारचा कोड वाचून एंटर देणेच बंद केले. विक्रेत्याला तीन वेळा दूरध्वनी केला; उपयोग झाला नाही. शेवटी पोस्टकार्डाला चौकोनी खिडकी कापून हवा तेवढाच कोड उघडा ठेवला, तेव्हा मूळ मांडणी परत आली आणि आवाजही बारीक झाला. ते पोस्टकार्ड आता पुस्तिकेतच टाचून ठेवले आहे.