एम.ए. भाषाविज्ञानाचा फॉर्म भरायचाय? कॉलेज रोडच्या काकांकडे जा

माझी मुलगी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झालीय आणि तिला एम.ए. करायचंय भाषाविज्ञानात. आम्ही नाशिकचे. आमच्या सिडकोतल्या एका सायबरवर विचारलं, तर "एम.ए.ला बी.ए.च लागतं" असं सांगून त्यांनी वाटेला लावलं. पोरगी रडकुंडीला आली होती. मग शेजारच्या वहिनींनी कॉलेज रोडचं हे दुकान सांगितलं. एचपीटी कॉलेजच्या जवळच्या गल्लीत आहे. बोर्डावर झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म एवढंच लिहिलंय. चालवणाऱ्यांना सगळी पोरं काका म्हणतात.

काकांची पद्धत मला फार आवडली. आधी विद्यापीठाची माहितीपुस्तिका उघडतात, पात्रतेचं पान काढतात आणि मुलांनाच मोठ्याने वाचायला लावतात. जेएनयूच्या, म्हणजे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू या केंद्रीय विद्यापीठाच्या, एम.ए. भाषाविज्ञानाला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, हे माझ्या मुलीने तिथे स्वतःच्या तोंडाने वाचलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचंही तसंच. टक्क्यांची अट मात्र जागोजागी वेगळी असते, म्हणून ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवून प्रिंट हातात दिली.

जेएनयूला सीयूईटी पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा, द्यावी लागते. 75 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकलं की 1 वजा. पण परीक्षेचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही, हे काका प्रत्येकाला बजावतात. निकालानंतर ज्या विद्यापीठात जायचं तिथे वेगळी नोंदणी करावी लागते. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका मुलाला हे माहीतच नव्हतं, त्याचा चेहरा उतरला. काकांनी त्याला तिथेच बसवून घेतलं.

कागदपत्रांच्या बाबतीत तर या माणसाची नजर घारीची आहे. आमच्याकडचं नॉन क्रीमीलेयर राज्याच्या नमुन्यातलं होतं. केंद्रीय विद्यापीठाला ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि आपली जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. काकांनी फी भरायच्या आधीच थांबवलं आणि सेतूत नेमकं काय मागायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. दुसरं म्हणजे नाव. बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. फॉर्ममध्ये एक-एक अक्षर मार्कलिस्टशी ताडून टाकलं, मग स्क्रीन आमच्याकडे फिरवून "ताई, आता तुम्ही वाचा" म्हणाले. सहीसुद्धा पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने परत करून घेतली, कारण पहिली स्कॅनमध्ये फिकट दिसत होती.

डेक्कन कॉलेजसाठी मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलताना लागणारा दाखला, काढून ठेवा म्हणाले, तेव्हा मला पटेना. मुलगी पुणे विद्यापीठाचीच, आणि जायचंय पुण्यातच! पण डेक्कन कॉलेज स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे विद्यापीठ बदलतं आणि मायग्रेशन लागतं. आजूबाजूच्या मुलांनीही हे लिहून घेतलं.

आता खटकलेल्या गोष्टी. फॉर्मसाठी कॉम्प्युटर एकच आहे आणि झेरॉक्सची गिऱ्हाइकं मध्येच घुसतात. बसायला दोन स्टूल, बाकी उभं राहायचं. काका फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं. एका फॉर्मचे दीडशे रुपये घेतात, आमच्याकडे शंभरात होतं. मला ते दीडशे मुळीच जड वाटले नाहीत. वर्ष वाया जाण्यापुढे पन्नास रुपयांचं काय?

अभ्यासक्रमाबद्दल मात्र काकांना विचारू नका, ते स्वतःच "ते शिकवणाऱ्यांना विचारा" म्हणतात आणि मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला. मुलगी एका प्राध्यापिकेला भेटून आली. ध्वनिविज्ञानात आवाजाच्या लहरी मोजतात आणि भाषेच्या मोठ्या साठ्यांवर आकडेमोड चालते, तिथे स्टॅटिस्टिक्स उपयोगी पडेल, असं त्यांनी सांगितलं. पुढे प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्यायची तर एम.ए.ला खुल्या वर्गाला 55 टक्के लागतात, हेही आताच कळलं ते बरं झालं.

जाणार असाल तर सकाळी दुकान उघडतानाच जा. ओरिजिनल कागद सोबत न्या आणि ओटीपी येतो तो मोबाइल चार्ज करून न्या. शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा साइटही हळू चालते आणि गल्लीत गाडी लावायलाही जागा नसते.