८७ टक्के ‘भावी स्ट्रायकर’

सांगली-मिरजेत ज्यांची पोरं फुटबॉल खेळतात, त्यांनी हे वाचाच.

माझी ताई मिरजेत राहते. भाचा तेरा वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये गोल मारणारा. मे महिन्यात विश्रामबागेतल्या एका टर्फवर ‘टॅलेंट चाचणी’ झाली, फी ५०० रुपये. तीस मीटर पळवलं, उड्या मोजल्या, मोबाइलवर शूटिंग केलं. मग रंगीत रिपोर्ट आला: २०३४ च्या वर्ल्ड कपला हा भारताचा स्ट्रायकर असण्याची शक्यता ८७ टक्के! पाठोपाठ दाजींना फोन. “छेत्रीनंतर कोण, सर? देशाला माणूस पाहिजे.”

गोम इथंच आहे, कारण एवढं मात्र खरं. भारताचा कर्णधार सुनील छेत्री जून २०२४ मध्ये देशासाठी ९४ गोल करून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत यावं लागलं. आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगचे क्लब पुढच्या फळीत बहुतेक परदेशी खेळाडू घेतात; आपल्या पोरांना ती जागा मिळणार कधी?

मग ‘ट्रॅकिंग’चे १८ हजार गेले. स्पेनमधल्या क्लबशी कराराच्या नावाखाली आणखी ४७ हजार. ताईनं भिशी उचलली. सगळे पैसे एका माणसाच्या खाजगी यूपीआयवर, पावती नाही. नंतर नंबर बंद.

भाच्याच्या दोस्ताचा रिपोर्ट मागवून बघितला. मजकूर तोच, ८७ टक्के तेच. तो दोस्त गोलकीपर आहे.

तेराव्या वर्षी कोण लवकर उंच झालंय एवढंच दिसतं. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली, म्हणजे गटात वयानं थोडी मोठी पोरं वयोगटाच्या टीममध्ये जास्त निवडली जातात, ती याच कारणानं. हॅरी केनला आर्सेनल या लंडनच्या क्लबनं लहानपणीच सोडून दिलं होतं. तो पुढं इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा झाला. इंग्लंडचाच स्ट्रायकर झालेल्या जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी क्लबनं नारळ दिला. आपल्या शेजारचंच बघा: कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला फॉरवर्ड म्हणून गेला. त्या स्पर्धेत भारताचा एकमेव गोल मात्र मिडफिल्डर जॅक्सन सिंगनं मारला. मोठमोठ्या क्लबांना जे जमत नाही, ते टर्फवरच्या मोबाइलला जमलं म्हणे!

आणि स्पेनचा करार? फिफाच्या नियमानं अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात बदली होत नाही. मोजके अपवाद आहेत, पण मिरजेत राहणारा तेरा वर्षांचा पोरगा त्यातल्या कशातच बसत नाही. पैसे मागणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा, बोलणं तिथंच फिरतं.

दाजी तक्रारीला तयार नव्हते, “लोक हसतील” म्हणून. त्यात वेळ गेला. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येते. तासगाव, विटा, कराडकडे कुणाला असाच रिपोर्ट आला असेल तर त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप डिलीट करू नका, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीला तेच लागतात.